दादाला बॅन करायचं का?

पत्र: आम्ही सोलापुरातले सात जण नोकरी-कॉलेज सांभाळून मराठी स्पेलचेकरचा ओपन सोर्स शब्दकोश चालवतो. हनस्पेल या स्पेलचेक इंजिनावर बेतलेला आहे, लिबरऑफिस आणि फायरफॉक्ससाठी देतो. आमच्यातला सगळ्यात सिनियर, आम्ही त्याला दादाच म्हणतो, त्याने प्रत्ययांचे निम्म्याहून जास्त नियम एकट्याने लिहिलेत. गिटहबवर (कोड ठेवायची साइट) तो आणि मी असे दोघे मालक आहोत, पण डोमेन, टेलिग्राम ग्रुप आणि फायरफॉक्सचं खातं फक्त त्याच्याकडे. रिव्ह्यू करताना त्याच्या जिभेला हाड नसतं. मागच्या महिन्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने पहिली पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल घेण्याची विनंती, पाठवली. तिने ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’मधला र चुकीच्या कोडने टाकला होता आणि फाइलच्या पहिल्या ओळीतला शब्दांचा आकडा बदलला नव्हता, हे खरं. दादाने लिहिलं, ‘मराठी येत नसेल तर घरच्या भाषेची डिक्शनरी करा, इथे घाण करू नका.’ ती पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलतात. ती ग्रुप सोडून गेली. आधीही दोघे असेच गेले. तिघं म्हणतात आजच बॅन करा, दोघं म्हणतात चहावर बसून मिटवा. आमच्याकडे नियमांची फाइल वगैरे नाही. दादा गेला तर प्रकल्प बसेल, आणि गाव एवढंसं, रोज तोंड दिसणार. काय करू?
– एक मेंटेनर, जुळे सोलापूर

उत्तर:

आज बॅन करू नका, आणि चहावरही मिटवू नका.

चहावर मिटवण्यात अडचण अशी की जिला लागलं ती त्या टेबलावर नसते. शिवाय तिथे काही लिहिलं जात नाही. ‘जरा गोडीने घे रे’ एवढंच कानावर पडतं, दादा ‘बरं बरं’ म्हणतो आणि तीन महिन्यांनी नेमकं काय ठरलं होतं यावरच वाद होतो. आणि आजच्या आज बॅन केलंत तर टेलिग्राम ग्रुपचा मालक तोच आहे. बाहेर तुम्ही सहा जण पडाल, तो आतच राहील. छोट्या गटांत साधारण हेच होतं: वर्षभर सगळे गप्प बसतात आणि मग एका रात्रीत रागाने सगळं उरकतात. तुम्ही दोन आठवडे घ्या, पण तारखा ठरवून घ्या.

आधी त्या एका वाक्याचे दोन तुकडे करू, कारण दादा स्वतःच्या बचावात पहिला तुकडा पुढे करणार आहे.

तांत्रिक मुद्द्यावर तो अर्धा बरोबर आहे. ‘दऱ्या’मधला र युनिकोडमध्ये (अक्षरांचे संगणकी कोड) दोन प्रकारे लिहिला जातो: साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर, किंवा नुक्त्याचा ऱ (०९३१) आणि हलन्त. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण हनस्पेलच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. मराठीसाठी दुसरी पद्धत धरायची, जुन्या मजकुरात मात्र पहिलीही भरपूर सापडते. म्हणजे चूक होती. पण ही चूक डोळ्यांना दिसतच नाही, आणि कुठे लिहूनही ठेवलेली नाही. नव्या माणसाला ती कळणार कशी? दुसरी ‘चूक’ तर चूकच नव्हे. डिक फाइलच्या, म्हणजे शब्दांच्या यादीच्या, पहिल्या ओळीतला आकडा अंदाजे असला तरी चालतो. चार-दोन शब्दांनी मागेपुढे झाला म्हणून काही मोडत नाही.

उरलेला तुकडा घरच्या भाषेचा. तो कोडबद्दल नाहीच, तिच्या घराबद्दल आहे. ज्या सोलापुरात एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी कानावर पडते तिथे हे वाक्य कुणाला लागेल, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असतं. तक्रार या तुकड्याची आहे. तुम्ही जे काही बोलाल, लिहाल ते याच तुकड्याला धरून राहा. ‘तुझा स्वभाव’, ‘तुझा ॲटिट्यूड’ असे शब्द आले की गाडी भलतीकडे जाते.

यातलं निम्मं भांडण यंत्राला सोपवता येतं आणि ते या आठवड्यातच करा. ॲफ फाइलमध्ये (प्रत्ययांच्या नियमांची फाइल) आयकॉन्व्हचा, म्हणजे अक्षरं बदलून घेण्याचा, नियम घातला की वापरणाऱ्याने जुन्या पद्धतीने टाइप केलेला र तपासणीआधीच नव्या पद्धतीत बदलतो. आणि गिटहब ॲक्शन्सवर (आपोआप तपासण्या चालवणारी सोय) एक छोटी स्क्रिप्ट बसवा: डिक फाइलमध्ये ‘र, हलन्त, जॉइनर’ ही साखळी सापडली की ओळ क्रमांकासह निरोप द्यायचा, ‘या ओळीत ऱ वापरा, कारण वाचा’. पुढच्या नवख्याला हे बॉट सांगेल. बॉट कुणाच्या घरावर जात नाही. शिवाय एकच गोष्ट शंभर वेळा सांगून दादाचं डोकं फिरत असेल, तर तेही थांबेल.

आता तक्रारीचं काम. एक खाजगी कागद उघडा आणि तो फक्त निर्णय घेणाऱ्या तिघांना (ते कोण हे पुढे येतं) दिसेल असा ठेवा. त्यात तारीख, दुवा, जसेच्या तसे शब्द, स्क्रीनशॉट, आणि कुणी काय केलं. विशेषणं नकोत. ‘नेहमीच उर्मट’ हे कागदावर शून्य किमतीचं. ‘अमुक तारखेला अमुक पुल रिक्वेस्टवर हे वाक्य’ याला किंमत आहे. आधी गेलेल्या दोघांना एकेक निरोप पाठवा, उत्तर दिलंच पाहिजे असं नाही हेही त्यात लिहा, आणि मागे लागू नका.

ती कमेंट आधी तारखेसह टिपून ठेवा, मग ‘अपमानास्पद’ हे कारण निवडून लपवा. उडवू नका. उडवली तरी सूचनेचे ईमेल सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये पडलेलेच आहेत, मग तुम्हीच काही लपवताय असं दिसतं. आणि चर्चा लॉक करून भागेल असं समजू नका. लॉक केलेल्या चर्चेत राइट ॲक्सेस (कोडमध्ये बदल करायचा अधिकार) असणारा माणूस लिहू शकतो, म्हणजे तिथे फक्त दादा आणि तुम्हीच बोलत राहाल.

मुलीशी एकानेच बोलायचं, शक्यतो तिच्या ओळखीच्या. ‘परत ये ना’ हे पहिल्या निरोपात नको. ती येणार की नाही हा नंतरचा प्रश्न. तिला तीन गोष्टी विचारा: कमेंट लपवली आहे, ते ठीक वाटतं का, निर्णय झाल्यावर तुला कळवावा का, आणि प्रकल्पाबाहेर, म्हणजे खाजगी मेसेजमध्ये किंवा कॉलेजात, कुणी त्रास देतंय का. तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं तर तो मामला तुमच्या हातचा नाही. धमकी (भारतीय न्याय संहिता, कलम ३५१) किंवा पाठलाग (कलम ७८) यांची तक्रार पोलिसांकडे किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर जाते, आणि तिथे जायचं की नाही हे ती ठरवेल. तुम्ही पुरावे नीट जपून द्यायचे. दादाला आणि तिला समोरासमोर बसवून माफी मागायला लावू नका. ‘सॉरी म्हण आणि विषय संपव’ या प्रकारात त्याच्यापेक्षा तिच्यावरच दबाव येतो, कारण माफ केलं नाही तर वाईट तीच ठरते.

किल्ल्यांचं काम याच्या बरोबरीने. नियम सरळ ठेवा: प्रकल्पाच्या प्रत्येक खात्याला दोन मालक, तुमच्याकडच्या खात्यांसकट. यादी करा: गिटहब, डोमेन, होस्टिंग, फायरफॉक्सचं ॲड-ऑन खातं, लिबरऑफिसचं एक्स्टेन्शन, टेलिग्राम, ईमेल, आणि ॲक्शन्समध्ये ठेवलेली टोकन (पासवर्डसारख्याच यंत्राच्या किल्ल्या). डोमेन त्याच रजिस्ट्रारकडे (डोमेन विकणारी कंपनी) एका खात्यातून दुसऱ्यात सरकवणं सोपं असतं, रजिस्ट्रार बदलायला गेलात तर वेळ जातो. मुदत कधी संपते ते मात्र आधी पाहा. फायरफॉक्सच्या ॲड-ऑनला दुसरा लेखक मालक म्हणून जोडता येतो. टेलिग्रामवर लोक हमखास अडकतात. ग्रुपची मालकी द्यायची तर देणाऱ्याचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू होऊन सात दिवस झालेले लागतात, आणि त्या फोनवरचं लॉगिन चोवीस तासांपेक्षा जुनं लागतं. ऐन वेळी पासवर्ड लावून मालकी सोपवता येत नाही, म्हणून दादाला हे आत्ताच चालू करायला सांगा.

तो विचारेल, ‘मला काढायची तयारी चाललीय का?’ खोटं बोलू नका. सांगा की तक्रार आली आहे, तिघं मिळून निर्णय घेतील, आणि निर्णय काहीही झाला तरी दोन मालकांचा नियम राहणार आहे. एक मोह टाळा: कधीतरी त्याने दिलेला पासवर्ड वापरून गुपचूप त्याच्या खात्यात शिरणं. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या खात्यात शिरणं आयटी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं. कायदा बाजूला ठेवला तरी त्या क्षणापासून गावभर चर्चा तुमच्याच वागण्याची होईल. त्याने साफ नकार दिला तर नवं डोमेन घ्या, नवा ग्रुप काढा, जुन्याचा नाद सोडा. कोड गिटहबवर आहे आणि तिथे तुम्ही मालक आहात. बाकीचं नव्याने उभं करता येतं, कटकट आहे एवढंच.

निर्णयाचे तिघं कोण? बॅनवाल्या तिघांतला एक, चहावाल्या दोघांतला एक, आणि तिसरा बाहेरचा, म्हणजे पुणे-हैदराबादकडच्या एखाद्या ओपन सोर्स गटाचा मेंटेनर, ज्याला दादा ओळखत नाही. यातलं कुणी दादाच्या खास मर्जीतलं असेल, किंवा नोकरी त्याच्या ओळखीने लागली असेल, तर त्याने बाजूला राहिलेलं बरं. नियम सगळ्यांना लागू होतो, मालकालाही, हे आधीच कबूल करून घ्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या मॉडरेशन टीमने (वागणुकीच्या तक्रारी पाहणारा गट) एकजात राजीनामे दिले. त्यांचं म्हणणं होतं की कोअर टीम स्वतःशिवाय कुणालाच उत्तरदायी राहिलेली नाही. तुमच्याकडे नेमका तोच धोका आहे, फक्त टीमच्या जागी दादा.

मग भेट. दोघांनी जायचं, तिघं-चौघं गेलात तर घेराव वाटतो. त्याच्या घरी नको, ऑफिसात नको. गावात समोरासमोर भेटता येतं हा तुमचा मोठा फायदा. जगभर विखुरलेल्या प्रकल्पांना तो मिळत नाही, वापरा. फक्त सिद्धेश्वर यात्रेच्या आठवड्यात हे काढू नका, तेव्हा निम्मी मंडळी नंदीध्वजांमागे असतात आणि उरलेल्यांचं लक्ष गड्ड्याच्या जत्रेवर. पाऊण तास पुरतो. पहिल्या पाच मिनिटांत ते वाक्य वाचून दाखवा, कुठला भाग चालणार नाही ते सांगा, आणि मग ऐका.

‘मी क्वालिटी राखतो’ असं तो म्हणेल. राखू दे, कडक रिव्ह्यू आणि माणसावर घसरणं यातला फरक त्याच्याच जुन्या कमेंटमधून दाखवा, चांगली उदाहरणं निश्चित सापडतील. ‘आम्हालाही असंच शिकवलं’ यावर वाद घालू नका, पुढे सरका. पण ‘फुकट राबतो, वर ऐकून घ्यायचं?’ असं म्हणाला तर थांबून ऐका, कारण यात तथ्य असतं. सगळे रिव्ह्यू एकाच माणसाकडे जातात, रात्री अकरानंतर बसून तो ते संपवतो, आणि वाकडे शब्द बहुतेक त्याच वेळचे असतात. कमेंटच्या वेळा काढून बघा.

शिक्षेच्या पायऱ्यांसाठी चाक नव्याने शोधू नका. २०१४ मध्ये कोरलाइन एडा एमके यांनी सुरू केलेली कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंट ही आचारसंहिता असंख्य प्रकल्प वापरतात. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत चार पायऱ्या दिल्या आहेत: समज, इशारा, तात्पुरता बॅन, कायमचा बॅन. ती घ्या, मराठीत आणा, संपर्कासाठी दोन माणसांची नावं घाला. ‘ॲडमिनशी बोला’ एवढंच लिहून ठेवलं तर काही उपयोग नाही, ॲडमिन दादाच आहे. आजवर नियमांची फाइल नव्हती, त्यामुळे मागच्या वाक्यासाठी थेट वरच्या पायरीवर जाणं मला अन्यायाचं वाटतं. नुसती तोंडी समज मात्र तोकडी पडेल, कारण ही तिसरी व्यक्ती गेली. माझ्या मते लेखी इशारा, आणि सोबत कामात बदल: तीन महिने नवख्यांच्या पुल रिक्वेस्ट दादाकडे जाणार नाहीत, प्रत्ययांचे नियम त्याच्याकडेच राहतील. कामाचा बदल ही पायरी लोक विसरतात. इशारा आणि बॅन यांच्या मधे खूप जागा आहे, आणि बरीच भांडणं तिथेच थांबतात.

इशारा असा लिहा:

‘दादा, अमुक तारखेच्या पुल रिक्वेस्टवर तू घरच्या भाषेवरून टोमणा मारलास. हा लेखी इशारा आहे. आजपासून तीन महिने नव्या लोकांच्या पुल रिक्वेस्टवर तू लिहायचं नाहीस. तातडीची तांत्रिक चूक दिसली तर आम्हा दोघांना कळव, आम्ही लिहू. त्या मुलीला तू स्वतःहून मेसेज करायचा नाहीस, माफीचाही नाही. सहा महिन्यांत पुन्हा कुणाच्या भाषा, जात, धर्म, गाव किंवा लिंगावरून लिहिलंस तर तीन महिन्यांचा बॅन होईल. हा निर्णय चुकीचा वाटत असेल तर चौदा दिवसांत कळव, बाहेरचा माणूस फेरतपासणी करेल.’

यात ‘आम्हाला वाईट वाटतं’, ‘तुझं योगदान मोठं आहे’ अशी वाक्यं घालायचा मोह होईल. योगदानाचं प्रत्यक्ष भेटीत बोला. कागद कोरडा राहू द्या.

बॅनची वेळ आलीच तर दोन जण ऑनलाइन असताना करा. क्रम असा: आधी टोकन आणि पासवर्ड बदला, मग गिटहबवरच्या संघटनेच्या सदस्यत्वातून काढून ब्लॉक करा, लगेच त्याला पत्र पाठवा, आणि मगच ग्रुपवर सूचना टाका. त्याला स्वतःची बातमी ग्रुपवरून कळता कामा नये. ब्लॉक करताना त्याला नेमून दिलेल्या इश्यूंवरची (नोंदवलेल्या कामांवरची) नेमणूक निघते, म्हणून ती यादी आधी उतरवून घ्या. गिटहबच्या संघटनेत ब्लॉकची मुदत एक, तीन, सात किंवा तीस दिवस, नाहीतर ‘काढेपर्यंत’ एवढीच मिळते. तीन महिन्यांचा बॅन म्हणजे ‘काढेपर्यंत’ निवडून कॅलेंडरवर तारीख टाकायची. ती तारीख विसरली की तात्पुरता बॅन गुपचूप कायमचा होतो, आणि मग त्याची तक्रार रास्त ठरते. ग्रुपच्या जुन्या आमंत्रणाच्या लिंका रद्द करा. त्याचे मित्र दुसऱ्या नावाने येऊन गोंधळ घालू लागले तर इंटरॅक्शन लिमिट लावून आधी कोड दिलेल्यांपुरतंच लिहिणं खुलं ठेवता येतं, चोवीस तासांपासून सहा महिन्यांपर्यंत.

सूचनेत तीन ओळी पुरेत: कोण, किती काळ, कुठल्या नियमाखाली. तपशील, स्क्रीनशॉट, मुलीचं नाव, यातलं काही नको. हे फक्त सभ्यतेसाठी नाही. ग्रुपवर टाकलेला एक शब्द संध्याकाळपर्यंत पाच व्हॉट्सॲप ग्रुपांवर असतो, आणि बदनामीचं कलम (३५६) तुम्हालाही लागू आहे. कृतीबद्दल लिहा, माणसाला बिरुदं लावू नका.

प्रकल्प बसेल या भीतीचं काय? सप्टेंबर २०१८ मध्ये लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने स्वतःच्या बोलण्याबद्दल जाहीर माफी मागून काही आठवडे रजा घेतली, आणि लिनक्स कर्नलने त्याच सुमारास कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंट स्वीकारलं. ४.१९ ही आवृत्ती ग्रेग क्रोआ-हार्टमनने ऑक्टोबरमध्ये काढली. लिनस पुढे परत कामावर आला. अर्थात कर्नलकडे माणसांची फौज आहे, तुमच्याकडे सहा डोकी. म्हणून इशाऱ्याच्या तीन महिन्यांत ॲफ फाइलचे नियम किमान दोघांनी समजून घ्या, प्रत्येक नियमावर शेरा आणि दोन उदाहरणं लिहून. दादा राहिला तरी हे करायचंच आहे. रिकामी जागा भरायला एखादा फार उत्साही अनोळखी माणूस आला तर मात्र त्याला घाईने राइट ॲक्सेस देऊ नका. एक्सझेड युटिल्स या फाइल दाबून लहान करणाऱ्या ओपन सोर्स प्रकल्पात दमलेल्या मेंटेनरवर अनोळखी खात्यांनी दबाव आणला, मदतीला आलेल्याला अधिकार मिळाले, आणि मार्च २०२४ मध्ये ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार (बॅकडोअर, लपवलेली घुसखोरीची वाट) सापडलं.

तोंड दिसण्याबद्दल: बॅन कुठे लागू हे लिहून टाका, म्हणजे गिटहब, टेलिग्राम आणि तुमची महिन्याची बैठक. पार्क चौकातला चहा त्यात नाही, त्याच्या बहिणीचं लग्न त्यात नाही. भेटला तर बोला, प्रकल्पाचा विषय निघाला तर ‘त्यासाठी लेखी कळव’ म्हणा. तुम्ही दोघं चहाला दिसलात म्हणून कुणी आक्षेप घेतला, तर हीच यादी दाखवा.

शेवटी, दादाने स्वतंत्र फोर्क (याच कोडवरून वेगळा प्रकल्प) काढला तर कपाळाला हात लावू नका. बॅनने लायसन्स रद्द होत नाही. तुमचा शब्दकोश घेऊन पुढे नेण्याचा त्याला बाकी कुणाइतकाच हक्क आहे, फक्त नाव वेगळं घ्यायला सांगा. त्याचे जुने कमिट (नोंदवलेले बदल) तसेच राहू द्या, योगदानकर्त्यांच्या फाइलमधून नाव काढू नका. आणि त्याच्या फोर्कमध्ये चांगले शब्द जमले, लायसन्स जुळत असलं, तर ते घ्या, कमिटवर लेखक म्हणून त्याचंच नाव ठेवून.